तिथीचे भय आणि समीक्षेची सुट्टी

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी विषय मांडला : 'दिवाळी अंकांतील भयकथा आणि सणाशी निगडित अल्पखर्ची भयपट : एक प्रकारनिष्ठ अभ्यास'. विद्यार्थी विंचूरचा. वडील कांद्याच्या बाजारात हमाल. घरात पुस्तक असे नव्हतेच. जे वाचले ते वाचनालयातून रद्दीत निघालेल्या दिवाळी अंकांतून, आणि जे पाहिले ते भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. मान्यता समितीत एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याला विचारले, 'यात वाङ्मय कोठे आहे?' दुसऱ्या सदस्यांचा स्वर सहानुभूतीचा होता. त्यांनी सुचवले की, हाच विषय अंधश्रद्धा-निर्मूलनाच्या अंगाने घेतला तर त्याला काही सामाजिक मूल्य येईल. या दोन वाक्यांत मराठी समीक्षेने भयाविषयी आजवर घेतलेली भूमिका जवळजवळ संपूर्णपणे सामावली आहे, असे मला वाटते. एक तर भयकृती ही कृतीच नाही. किंवा असली तर तिने भयाखेरीज दुसरे काहीतरी करून दाखवावे. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही भूमिकांवर आहे. त्यातही दुसरीवर अधिक, कारण पहिली उघड तुच्छतेची आहे आणि दुसरी तुच्छतेला कळवळ्याचे वस्त्र नेसवते.

आधी ज्या चित्रप्रकाराची गोष्ट चालली आहे त्याचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण त्याच्यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. सणाच्या किंवा सुट्टीच्या दिवशी, एखाद्या लहान गावात किंवा एकाच घरात, हातात सुरा घेतलेला, बहुधा मुखवट्याआडचा मारेकरी तरुण मुलामुलींना एकामागून एक मारत जातो आणि शेवटी एक मुलगी उरते. कॅनडात १९७४ साली आलेला बॉब क्लार्कचा 'ब्लॅक ख्रिसमस', १९७८चा जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन', १९८०चा 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९८१चा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' ही त्यातली ठळक नावे. यांपैकी 'हॅलोवीन'च्या निर्मितीची हकिकत समीक्षकांनी लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. मूळ कल्पना मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या हत्यांची होती आणि तिचे नावही तसेच होते. ती ३१ ऑक्टोबरच्या रात्री घडवावी ही सूचना निर्माता अर्विन याब्लान्सची. सारे काही एका रात्रीत आणले की वेशभूषा कमी, स्थळे कमी, दिवस कमी. खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास. चित्रण कॅलिफोर्नियात, तेही वसंत ऋतूत. म्हणून कागदाची पाने तपकिरी रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य संपले की पोत्यात भरायची आणि पुढच्या दृश्याला पुन्हा पसरायची. मारेकऱ्याचा चेहरा म्हणजे एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या कप्तानाचा दुकानात मिळणारा स्वस्त मुखवटा, पांढरा रंग फासलेला.

आता या माहितीकडे दोन प्रकारे पाहता येते. एक म्हणजे, पाहा, किती हलका माल! आपल्या समीक्षेचा हाच प्रकार आहे. दुसरा प्रकार असा की, येथे दारिद्र्यातून एक रूपतत्त्व जन्माला आले आहे. पैसे नव्हते म्हणून एक रात्र, एक रात्र म्हणून एक तिथी, आणि तिथी आली म्हणून कथेला अशी एक कालरचना मिळाली जी श्रीमंत भयपटाला मिळाली नव्हती. व्हेरा डिका यांनी 'गेम्स ऑफ टेरर' या १९९०च्या ग्रंथात या चित्रपटांची संरचना उलगडली आहे. भूतकाळात एक अपराध घडतो. वर्तमानात एखादे निमित्त, बहुधा वार्षिक, त्या अपराधाची आठवण जागी करते आणि मग संहार सुरू होतो. आपल्याकडे गंगाधर पाटलांच्या 'समीक्षेची नवी रूपे'नंतर संरचनावादाचा आणि प्रॉपच्या कथाघटकांचा पुष्कळ उच्चार झाला. परिसंवाद झाले, चर्चासत्रे झाली, पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रश्न आले. पण प्रॉपची पद्धत ज्या प्रकारच्या साहित्यावर सर्वांत फलदायी ठरते, म्हणजे जेथे घटक ठरलेले असतात आणि आनंद त्यांच्या फेररचनेत असतो, त्या साहित्याला कोणी हात लावला नाही. ती आपण प्रतिष्ठित कादंबऱ्यांवर चालवली आणि मग ती अपुरी पडते अशी तक्रार केली. विळ्याने लाकूड फोडायला जायचे आणि विळ्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार.

मराठीत या प्रकाराचा विचार करायचा तर एक भेद हाताशी आहे, जो इंग्रजी समीक्षेला सहज उपलब्ध नाही : तारीख आणि तिथी यांचा. तारीख घडून जाते. तिथी परत येते. तारखेला इतिहास असतो, तिथीला विधी असतो. सणाचा भयपट हा तिथीचा प्रकार आहे. अभिनवगुप्ताने भयानक रसाची चर्चा करताना 'शाकुंतला'तल्या पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. तेथे रसिकाला होणारी प्रतीती 'मी भ्यालो' किंवा 'हा हरिण भ्याला' अशी नसते; देश, काल आणि व्यक्ती यांपासून सुटलेले भय तेवढे प्रतीत होते, असे त्याचे म्हणणे. यावर कोणी म्हणेल की, ३१ ऑक्टोबर असा दिवस नोंदवणारा आणि गावाचे नाव पडद्यावर लिहून दाखवणारा चित्रपट साधारणीकरणाच्या नेमका विरुद्ध जातो. पण तसे नाही. दरवर्षी येणारा दिवस हा विशिष्ट काल नव्हेच. तो आधीच साधारण झालेला काल आहे, कारण तो सर्वांचा आहे आणि कोणत्याही एका वर्षाचा नाही. प्रेक्षक घरी परततो तेव्हा त्याच्या स्वतःच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातही तो दिवस छापलेला असतो. अभिनवगुप्ताने देशकालाचे बंधन सोडवून जे साधले, ते या प्रकाराने देशकालाला फिरते करून साधले. हा मुद्दा रसविचाराच्या अभ्यासकांनी खोडून काढावा. मला आनंदच होईल. निदान त्यासाठी त्यांना या चित्रपटांकडे पाहावे लागेल.

भरताकडेही एकदा जायला हवे, कारण आपल्या तुच्छतेचे मूळ मला तेथे दिसते. नाट्यशास्त्रात भय हा स्थायिभाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याशी जोडला आहे. उत्साह उत्तम प्रकृतीकडे. म्हणजे भिणे हे खालच्यांचे काम. आधुनिक मराठी समीक्षेने भरताचे वर्गीकरण अमान्य केले असे ती सांगते, परंतु अभिरुचीच्या पातळीवर हे समीकरण तिने जसेच्या तसे ठेवले आहे. फरक एवढाच की, पूर्वी भिणारे पात्र नीच होते, आता भ्यायला तिकीट काढणारा प्रेक्षक नीच आहे. चित्रपट-व्यवसायाची 'बी' आणि 'सी' केंद्रांची भाषा दुसरे काय सांगते? रामसे बंधूंचे चित्रपट याच केंद्रांवर चालले. फत्तेचंद रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' १९७० साली पडला. पण त्यात मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरचे दृश्य पाहायला लोक येतात, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानात आले. त्यातून १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' निघाला. तो महाबळेश्वरला एका विश्रामगृहात साधारण चाळीस दिवसांत चित्रित झाला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन ही कामे भावाभावांत वाटलेली आणि घरच्या बायकामाणसांनी स्वयंपाकापाण्याचा भार उचललेला. सुट्टीला जायचे ठिकाण तेच चित्रीकरणस्थळ तेच भयस्थळ, असा हा मुलखावेगळा संयोग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला आणि मराठी समीक्षेला त्याची गंधवार्ता नव्हती. १९८४चा 'पुराना मंदिर' तर त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गणला गेला. त्याचे प्रेक्षक कोण होते? आमच्या भागातले द्राक्षबागेतले मजूर होते, हमाल होते, एस.टी.चे कंडक्टर होते. समीक्षा ज्या 'सर्वसामान्य वाचका'च्या नावाने गळा काढते, तो त्या रात्री तेथे बसलेला होता.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. हे चित्रपट स्त्रीदेहाच्या छिन्नविच्छिन्नतेवर पैसा मिळवतात, हा तो आक्षेप. तो खरा आहे. रामसेपटांतली स्नानगृहाची दृश्ये कोणत्या प्रेक्षकासाठी होती हे सांगायला सिद्धान्त लागत नाही. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७च्या निबंधात आणि पुढे १९९२च्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' या ग्रंथात दाखवले की, पुरुष प्रेक्षक सुरुवातीला मारेकऱ्याच्या नजरेतून पाहतो, पण शेवटी उरणाऱ्या मुलीच्या भयाशी आणि झुंजीशी त्याला एकरूप व्हावे लागते. हा युक्तिवाद बुद्धिमान आहे. मात्र तो मराठीत आला तो जपमाळेसारखा. 'अखेरची मुलगी' हा शब्द उच्चारला की प्रबंधाचे एक प्रकरण पुरे होते. ही मुलगी उरते ती एकटी, कारण त्या समाजात तिला एकटी राहण्याची सोय कल्पिलेली आहे. आपल्या सणात बाई एकटी कधी असते? ती स्वयंपाकघरात दहा बायकांत असते, आणि तिच्यावर जे बेतते ते त्या दहांच्या देखत बेतते. क्लोव्हर यांचे सूत्र येथे लावायचे तर ते आधी मोडावे लागेल. या मोडण्याच्या कामाला आपण समीक्षा म्हणायला हवे. आपण लावण्यालाच म्हणत आलो.

मग मराठीत या प्रकाराचे काय झाले? तो आला, पण हसत आला. १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'तला बाहुल्यात शिरलेला खुनी १९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू झाला. दिलीप प्रभावळकरांनी तो गुंड उभा केला, रामदास पाध्ये यांनी त्याचा बाहुला घडवला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्यापुढे थरथरले. (विंचूरच्या प्रत्येक मुलाला परगावच्या महाविद्यालयात गेल्यावर 'तात्या तुमच्याच गावचा का?' हा प्रश्न एकदा तरी ऐकावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याने विषय निवडण्यामागे हेही एक कारण असावे, असा माझा संशय आहे.) मूळ चित्रपटात भय प्रधान आणि विनोद त्याचा आश्रित, येथे उलट. हे भाषांतरकाराचे दौर्बल्य मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते एका सांस्कृतिक प्रश्नाचे उत्तर वाटते. मेलेला माणूस ठरल्या दिवशी परत येतो, या कल्पनेने मराठी प्रेक्षक का भीत नाही? कारण त्याच्या पंचांगात त्याची व्यवस्था आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात मेलेले येतात, त्यांना पान वाढले जाते, कावळा शिवतो, सर्वपित्रीला विसरलेल्यांचीही सोय होते. आपले भूत म्हणजे थकबाकीदार नव्हे, धनको आहे. त्याची मागणी असते, ती ठाऊक असते, आणि ती भागवण्याचा दर ठरलेला असतो. ख्रिस्ती युरोपातही संतदिनाच्या आसपास मृतांच्या नावाने पोळ्या वाटण्याची रीत होती. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट प्रदेशांत मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार गेला, दिवस उरला. देणे विसरले गेले पण तिथी राहिली, अशा समाजात मेलेला सुरा घेऊन येतो. मी याला सिद्ध केलेले प्रमेय म्हणत नाही. परंतु 'मराठी माणूस विनोदप्रिय आहे' या सार्वत्रिक आणि निरुपयोगी स्पष्टीकरणापेक्षा हे बरे.

सणाचा अल्पखर्ची भयप्रकार मराठीत पडद्यावर रुजला नाही, याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. तो कागदावर होता. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी साहित्याचा मोठा भाग सणाच्या अर्थव्यवस्थेवर जगतो आहे. आपण कविता, कथा, समीक्षा दिवाळीला छापतो. साबणाच्या आणि सोन्याच्या जाहिराती त्यांचा खर्च सोसतात. अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या अंकाने तर अद्भुत, रहस्य आणि भय यांनाच घर दिले. नारायण धारपांच्या कथा, मतकरींच्या ज्या 'गूढकथा' या अधिक सभ्य नावाने रूढ झाल्या त्या कथा, आणि त्यांच्यामागून आलेल्या कित्येक विस्मृत लेखकांच्या कथा वाचकाने वाचल्या त्या नरकचतुर्दशीचे अभ्यंग आटोपल्यावर, फराळाच्या ताटाशी. आता अर्विन याब्लान्स आणि दिवाळी अंकाचा संपादक यांच्यात फरक काय राहिला? दोघांनाही तिथी गाठायची आहे, दोघांचेही भांडवल तुटपुंजे आहे, दोघेही सणाच्या उजेडाला भयाची कड लावून विकतात. कार्पेंटरची रंगवलेली पाने आणि कोपऱ्यात कवटी काढलेले आपले शीर्षचित्र ही एकाच कुळातली चिन्हे आहेत. गंमत अशी की, भयकथेला वाङ्मय न मानणाऱ्या समीक्षकाचा 'साठोत्तरी जाणिवे'वरचा लेख त्याच अंकात, त्याच भयकथेच्या पाठीला पाठ लावून छापलेला असे. मानधनही बहुधा त्याच गल्ल्यातून निघे.

धारपांच्या बाबतीत समीक्षेने केलेला अपराध दुहेरी आहे. आधी त्यांना दुर्लक्षिले. पुढे कोणी विषय काढलाच, तर 'ते परकीय कथांवरून लिहीत' असे म्हणून प्रकरण बंद केले. धारपांनी लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्याकडून घेतले, हे खरेच आहे. किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून त्यांची 'आजी' झाली. पण अमेरिकन घरातली अंथरुणाला खिळलेली म्हातारी मराठी माजघरात आणताना नेमके काय बदलावे लागले? आजी या नात्याला आपल्याकडे जो ओलावा आहे त्याचे भयात रूपांतर करताना कोणत्या वाक्यांनी काम केले? तौलनिक साहित्याची अध्यासने या राज्यात आहेत आणि शेक्सपिअरच्या मराठी रूपांतरांवर ग्रंथांची रांग आहे. धारपांच्या रूपांतरांची साधी संहितानिहाय यादीही माझ्या पाहण्यात नाही. रूपांतर देवलांनी केले तर ती प्रतिभा, धारपांनी केले तर उचलेगिरी, हा न्याय कोणत्या सौंदर्यशास्त्रातला? धारप २००८ साली गेले. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला, हिंदीत. त्याचे नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, मूळ ठिणगी धारपांच्या कथेची. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा अधिक चालला. त्यानंतर मराठीच्या प्राध्यापकांना धारप एकाएकी आठवू लागले. आपल्या भाषेतला लेखक आपल्याला दुसऱ्या भाषेच्या तिकीटबारीवरून कळावा, ही नामुष्की कोणाला नामुष्की वाटल्याचे मात्र दिसले नाही.

समितीतल्या त्या दुसऱ्या, सहानुभूतिशील सदस्यांकडे आता वळतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ साली प्रदर्शित झाला. पुढे २०२१ साली त्यांनीच त्याचा हिंदी 'छोरी' केला. गर्भवती नेहा आणि तिचा नवरा शहरातली देणी चुकवून उसाच्या फडातल्या एका घरात आसऱ्याला येतात. तेथे तिला मुले दिसू लागतात, एक बाई दिसू लागते. आणि घराने मारलेल्या मुलींचा इतिहास उघडा होतो. मराठी परीक्षणांनी या चित्रपटाला डोक्यावर घेतले, ते 'भयपट असूनही सामाजिक संदेश देतो' म्हणून. त्या 'असूनही' शब्दावर माझा सारा राग आहे. भय येथे संदेशाचे वेष्टन नाही. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धची घोषणा आपण एस.टी.च्या पाठीवर वाचतो आणि आपल्याला काही होत नाही. हाच आशय जेव्हा एका दिशाहीन फडातून, वाट दिसत नसताना, पोटातल्या बाळासह धावणाऱ्या बाईच्या श्वासातून येतो, तेव्हा तो आपल्याला प्रथमच कळतो. म्हणजे ज्ञान भयानेच दिले. संदेश वेगळा काढून हाती घेतला की घोषणा उरते. आणि संदेश शोधण्याच्या घाईत परीक्षकांनी ऊस पाहिला नाही. जेथे माणूस हरवतो तो फड केवळ नेपथ्य आहे काय? महाराष्ट्रात उसाच्या फडात कोण राबते, दिवाळीच्या सुमारास कोणाची कुटुंबे घरे सोडून कोयते घेऊन निघतात, २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांविषयी काय उजेडात आले, हे सारे त्या हिरव्या भिंतीत भरलेले आहे. चित्रपटाने ते जाणूनबुजून भरले असे मी म्हणत नाही. संहितेला जे माहीत असते ते कर्त्याला माहीत असतेच असे नाही, हे तर आपण वर्गात शिकवतो.

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'शी ही गोष्ट ताडून पाहावी. नोव्हा स्कॉशियातल्या कोळशाच्या खाणीच्या गावात हा चित्रपट चित्रित झाला. त्याच्या कथेत व्हॅलेंटाइनच्या नाचाला जाण्याच्या घाईत मुकादम खाणीतला वायू न तपासता निघून जातात, स्फोट होतो, मजूर गाडले जातात, आणि वाचलेला एकजण पुढच्या वर्षी खाणकामगाराच्या वेषात, हातात कुदळ घेऊन परत येतो. गाव वीस वर्षे तो सण बंद ठेवते. मग नवी पिढी म्हणते, आता काय होते? येथे मारेकरी बाहेरून आलेला नाही. सणच कोणाच्या तरी मरणाकडे पाठ फिरवून साजरा झालेला होता. या चित्रपटाला त्याच्या काळच्या परीक्षकांनी हिंसेचा बाजार म्हटले. तीन वर्षांनी, १९८४ साली, सांताक्लॉजच्या वेषातला खुनी दाखवणाऱ्या 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'वर पालक रस्त्यावर उतरले आणि वितरकाला तो मागे घ्यावा लागला. आक्षेप खुनाला नव्हता. खून त्या सुमारास प्रत्येक चित्रगृहात होत होते. आक्षेप वेषाला होता. सणाच्या अंगावर रक्त उडाले, हे सहन झाले नाही.

आपणही ते सहन करत नाही, म्हणून आपल्याकडे हा चित्रपट होत नाही. विंचूरहून येवला तासाभराच्या आत येते. येवल्याची संक्रांत म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस. सारे गाव गच्चीवर, हलगी आणि भोंगे, आकाश पतंगांनी भरलेले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी पौष लागला की आमच्या रस्त्यावरचे दुचाकीस्वार हॅन्डलला तारेची कमान लावतात, गळ्याला उपरणे गुंडाळतात आणि लहान मुलाला पुढे बसवत नाहीत. दरवर्षी कोठे ना कोठे कोणाचा गळा चिरल्याची बातमी येते. न दिसणारे पाते, ठरलेली तिथी, कोणाच्या हातात दोर आहे हे कोणालाही ठाऊक नसणे, आणि गच्चीवरून आलेली 'काटली!'ची आरोळी : कार्पेंटरला याहून अधिक काय लागले असते? पतंग उडवणारा मुखवटाही घालत नाही. त्याला आपण काय केले हे कधी कळतही नाही. तो पुढचा पेच लावतो. पाश्चात्य भयपटाच्या मारेकऱ्याला निदान हेतू असतो. हेतूशिवाय सणाने केलेली हत्या हे भय त्या प्रकाराला अजून सुचलेले नाही, आणि ते येवल्याच्या विंचूर चौफुलीवर उभे राहणाऱ्या कोणालाही सुचू शकते. अशी कथा कोणी लिहिली तर ती 'सणाची बदनामी' ठरेल. भावना दुखावतील. समीक्षक मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने पत्रक काढतील, पण त्या कथेविषयी एक वाक्य लिहिणार नाहीत.

देशीवादी मित्र विचारतील की, अमेरिकेच्या उथळ चित्रप्रकाराचे एवढे अप्रूप कशाला? मी उलट विचारतो : दिवाळी अंक देशी आहे काय? छापखाना, मासिक, ऋतुविशेषांक हे सारे वसाहतकाळातून आले आणि आपले झाले. भयकथाही तशीच आपली झाली, आणि ज्यांची झाली ते नेमाड्यांच्या कादंबऱ्यांतल्याच गावांत राहतात. देशीपणा म्हणजे जमिनीवरच्या माणसाचे प्रत्यक्ष वाचन असेल, तर त्याने काय वाचले याची खानेसुमारी करायला कोणी हरकत घेऊ नये. रूपवाद्यांशी माझे भांडण कमी आहे. त्यांनी निदान कृतीकडे कृती म्हणून पाहा असे सांगितले. फक्त कोणती कृती हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

दरम्यान साधन नष्ट होते आहे. दिवाळी अंक हा टिकण्यासाठी छापलेला नसतो. मोठ्या ग्रंथालयांतून निवडक अंकांचे संच बांधलेले आढळतात, पण ते प्रतिष्ठित अंकांचे. भय आणि रहस्य यांना वाहिलेले अंक फिरत्या वाचनालयांतून हातोहात जात, मुखपृष्ठ गळे, मग मलपृष्ठ, मग शेवटची पाने, म्हणजे नेमका कथेचा शेवट. आणि फाल्गुनात रद्दीवाला येई. माझ्या विद्यार्थ्याने तालुक्यांची वाचनालये, जुन्या बाजारातली पुस्तकांची दुकाने आणि दोन-तीन निवृत्त शिक्षकांची माळवदे पालथी घालून जो संग्रह केला, तो त्याच्या घरात कांद्याच्या गोण्यांवर, प्लॅस्टिकच्या कागदात बांधून ठेवलेला आहे. त्यातल्या अनेक कथांना शेवट नाही. हे भयकथेच्या अभ्यासकाला साजेसे आहे, असे तो म्हणतो.

समितीपुढे तो पुन्हा गेला. त्याला शिष्यवृत्तीची मुदत गाठायची होती आणि मार्गदर्शक म्हणून मीही त्याला माघार घे असेच सांगितले, हे येथे लपवत नाही. विषय मंजूर झाला : 'निवडक मराठी नियतकालिकांतील कथा आणि सामाजिक प्रबोधन'. पहिले प्रकरण तो प्रबोधनावर लिहितो आहे.